दार बंद

संध्याकाळची पाळी सुटली की शीतगृहाचं दार आपोआप बंद करायचं, आत कोणी राहिलं असेल तर भोंगा वाजवायचा, ही कामं आमच्या जावा प्रोग्रामला वेळ लावून नेमून दिलेली होती. ती चोख होतात का, हे तपासणं माझी नोकरी. त्यासाठी संध्याकाळपर्यंत ताटकळावं लागत नाही. चाचणीत खोटं घड्याळ असतं; ते पुढे ढकलायचं आणि काम सुरू होतं का बघायचं. खरं दार त्याला जोडलेलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात दुरुस्तीवाले मामा आत अडकले आणि गारठून दगावले. उगाच कोकलतो म्हणून साहेबांनी भोंग्याचं काम बंद करून ठेवलं होतं. चौकशीत मात्र ते म्हणाले, "मामा पिऊन आला असणार." मामा चहासुद्धा घेत नसत. मामी रडल्या नाहीत. उठता उठता साहेबांना एवढंच म्हणाल्या, "आता आमचे हेच बघून घेतील."

प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. जेवण करून मी चाचणी लावली. घड्याळाला हात लावायच्या आतच पडद्यावर ओळ उमटली : दार बंद.

माझंच काही चुकलं असेल म्हणून सगळं पुन्हा तपासलं. शेवटी ते कामच प्रोग्राममधून काढून टाकलं.

ओळ तरीही आली. कळफलक बर्फासारखा गार लागत होता.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "घड्याळ बिघडलंय की तुझं डोकं?"

"साहेब, घड्याळात अजून सकाळच आहे. आणि हे काम आता प्रोग्राममध्ये नाहीच."

"मग काय, भुताटकी?" ते हसले. "चल, खरं दारच दाखवतो तुला."

शीतगृह मागच्या अंगणात होतं. ऊन रणरणत होतं. साहेब आत शिरले, चार पावलं जाऊन वळले.

"बघ, सताड उघडं—"

दार लागलं. आपटलं नाही, सावकाश लागलं.

मी खिटी ओढली. पहारेकरी धावत आला, त्यानंही ओढली. आतून धपाधप आवाज येत होते. भोंगा गप्प होता.

"कुणाशी बोलतायत ते?" पहारेकरी कुजबुजला.

मीही ऐकलं. साहेब कुणाच्या तरी विनवण्या करत होते. मग तेही थांबलं.

दाराला वीतभर काच होती, हिमानं पांढरी झालेली. मी डोळा लावला. काही दिसेना.

तेवढ्यात आतून एक तळवा काचेवर फिरला. सावकाश, नीट, कोपऱ्यापर्यंत पुसत गेला.

पुसलेल्या काचेतून साहेब दिसले. पार पलीकडच्या भिंतीशी, पालथे.