पुसलेली खूण

ती फोटो स्टुडिओत शिरली ती फोटोसाठी नव्हेच. तिला हवा होता आरसा.

बाहेर वारा सुटला होता. डोळ्यात कचरा गेला होता, आणि स्टुडिओच्या दारातच गिऱ्हाइकांसाठी आरसा टांगलेला दिसला. आत कोणी नाही असं बघून तिने खालची पापणी ओढली, डोळा मोठा केला... आणि मागून आवाज आला.

"डोळे वटारून फोटो काढता येत नाही हं. सरकारी नियम आहे."

ती दचकून वळली. वळताना सवयीने मान अशी वळवली की डावा गाल भिंतीकडे राहिला.

"मला फोटो नकोय."

"मग आरशाचं भाडं पडेल."

"आधी आरसा पुसा, मग भाडं मागा."

फोटोवाला हसला. उंच, किडकिडीत, टेबलावरचे कागद उलटेपालटे करत काहीतरी शोधत होता. चष्मा डोक्यावरच होता. तिने बोटाने दाखवला आणि बाहेर सटकली. पण दवाखान्याच्या धुलाईघरात पोचेपर्यंत ओठांवरचं हसू काही जाईना. गरम इस्त्री चादरीवर फिरवताना ती दोनदा उगाचच हसली, तेव्हा शेजारची म्हणाली, "काय गं करपे, वाफ डोक्यात गेली का?"

करपी हे तिचं वस्तीतलं नाव. रांगायच्या वयात ती आईच्या तापलेल्या इस्त्रीवर गाल टेकून पडली होती. आईने तिला उचलून दवाखाना गाठला, जीव वाचला, पण डाव्या गालावर पानाएवढा सुरकुतलेला डाग कायमचा राहिला. कळायला लागल्यापासून ती रस्त्याने भिंतीच्या बाजूने चालायची.

वस्तीला गावात सगळे 'पलीकडचे' म्हणत. कालवा खणायला माणसं हवी होती तेव्हा तिच्या आजोबांना सीमेपलीकडून गाडीत घालून आणलं, कागद कोणी विचारला नाही. कालव्याला पाणी आलं आणि खणणारे परके झाले. लहानपणापासून इथेच आहोत असा पुरावा दाखवा आणि कार्ड घ्या, नाहीतर छावणीत चला, असा आता हुकूम निघाला होता. छावणीतून पुढे सीमेपार. ज्या मुलखाचं एक झाडही तिने पाहिलं नव्हतं तिथे म्हणे ती 'परत' जाणार होती!

तिचा जन्म झोपडीत झालेला, नोंद कुठली? दवाखान्यातली म्हातारी नर्स तेवढी म्हणाली, "तू भाजलीस तेव्हाची नोंद जुन्या दप्तरात असणार. मी शोधते आणि परस्पर त्या कार्डांच्या समितीकडे पाठवते. तू फक्त अर्ज भर आणि फोटो लाव."

फोटो! म्हणजे पुन्हा तोच.

पण ती जायच्या आधी तोच वस्तीत आला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना एवढ्या लांब चालवणार कसं, म्हणून पांढरा पडदा आणि खुर्ची घेऊन. सगळ्यांचे फोटो काढले. ती सगळ्यांत शेवटी बसली.

"मान सरळ."

"सरळच आहे."

"सरळ असती तर मला दोन्ही गाल दिसले असते."

त्याने घाई केली नाही, कॅमेऱ्यामागे नुसता थांबून राहिला. तिने हळूच तोंड समोर केलं. इतक्या वर्षांत कोणा पुरुषासमोर ती अशी बसली नव्हती. तिचे कान तापले.

"आता...?"

"आता हलू नका," तो म्हणाला, पण आवाज त्याचाच हलला.

दोन दिवसांनी फोटो आले. प्रत्येकामागे स्टुडिओचा शिक्का. तिने पाकीट उघडलं आणि बघतच राहिली. तेच डोळे, तेच नथ नसलेलं नाक, पण डावा गाल उजव्यासारखाच नितळ.

"ही कोण?"

"तुम्ही."

"माझ्या गालावर तर..."

"मला नाही दिसत ते," तो म्हणाला, आणि जरा जास्तच बोलून गेलो असं वाटून त्याने नाकावरचा चष्मा टेबलावर शोधायला सुरुवात केली.

इथे तिने बोलायला हवं होतं. पुसलेलं परत आणा म्हणायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला असं पाहिलं होतं, त्याच्यावर पाणी कसं ओतणार? घरी आईने फोटो हातात घेतला आणि ती हमसून हमसून रडली. इतकी वर्षं जी गोष्ट तिचं काळीज कुरतडत होती, ती त्या चौकोनात नव्हतीच. "हाच लाव," आई म्हणाली. तिने तोच लावला.

मग फोटोवाला धुलाईघराच्या मागच्या दाराशी दिसू लागला. हातात शर्ट.

"याला तर इस्त्री केलेलीच आहे!"

"नीट झालेली नाही. पुन्हा करा."

"कालच मी केलीय."

"म्हणूनच म्हणतो. काल तुमचं लक्ष नव्हतं."

"कुठे होतं माझं लक्ष?"

"ते तुम्ही सांगा..."

शेजारची फिदीफिदी हसायची. ही लाजून वाफेत तोंड लपवायची. डावा गाल मात्र आता लपवत नव्हती.

एकदा तो शर्टाच्या बटणाशी चाळा करत म्हणाला, "तुमचं कार्ड आलं ना, की मलाही एका कचेरीत काम आहे. तिथे दोघांच्या सह्या लागतात."

ती इस्त्री एकाच जागी फिरवत राहिली. "माझी सही वाकडी येते."

"मान सरळ केली, तशी सहीही सरळ करू."

कार्ड आलं नाही, नकाराचं पत्र आलं. ती कचेरीत धावली. खिडकीतल्या कारकुनाने पत्र वाचून दाखवलं. दवाखान्याच्या नोंदीत लिहिलं होतं: मुलीच्या डाव्या गालावर भाजल्याची खूण, कायम राहील. फोटोत खूण नव्हती. म्हणजे नोंदीतली मुलगी वेगळी आणि अर्ज करणारी वेगळी.

तिने ओढणी फेकल्यासारखी बाजूला केली. "ही बघा ना! आहे ना खूण!"

"आज आहे, बाई. फोटोत नव्हती. म्हणजे नंतर केलेली. कार्डासाठी लोक काय वाट्टेल ते करतात."

"स्वतःचा गाल कोण जाळून घेईल?"

कारकून सावकाश म्हणाला, "फोटोत फेरफार झाला असेल तर तसं सांगा. पण मग त्या शिक्क्याचे झाडून सगळे अर्ज रद्द होतील. बघा... सांगताय का?"

वस्तीतला प्रत्येक फोटो त्याच शिक्क्याचा होता. आईचाही.

"नाही," ती म्हणाली. "फेरफार नाही."

ती स्टुडिओत पोचली तेव्हा नकाराचं कारण त्याला कोणीतरी सांगितलेलं होतं. तो चप्पल घालत होता.

"मी जातो. सांगतो, मी पुसली म्हणून. माझं दुकान गेलं तर गेलं."

"दुकानाचं नाही हो! सगळी वस्ती जाईल. आई जाईल. तुम्ही एक शब्द बोललात तर तुम्हाला माझी शपथ."

तो मटकन खाली बसला. "मी तुला सुंदर करायला गेलो गं..."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला. केव्हापासून ती याची वाट पाहत होती, आणि आलं ते असं.

"तू नव्हतीस का सुंदर? होतीसच की. मग माझ्या हाताला काय खाज होती? माझं तुझ्यावर..."

"माहीत आहे. शर्टांना इस्त्री करून करून कळलंय मला." ती हसायला गेली आणि हुंदकाच बाहेर पडला. त्याने हात पुढे केला, तिच्या डाव्या गालावर ठेवला. तिथली कातडी बधिर होती, तिला त्याचा स्पर्श धड कळलाही नाही. याचंच तिला सगळ्यांत जास्त रडू आलं.

छावणीची बस कालव्याच्या पुलाजवळ उभी होती. आईला कार्ड मिळालं होतं, तिला तिने घरीच थांबवलं होतं. दाराशी पोलीसबाई प्रत्येकाची माहिती उतरवून घेत होती.

"भेटायला येणारं कोणी? नातेवाइकांनाच आत सोडतात. आणि येणाऱ्यांचेही कागद नव्याने तपासतात, कामधंद्यासकट, आधीच सांगते."

"आई?" असं पोलीसबाईने विचारलं तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली. नोंदीतली मुलगी ती नाही असं समितीनेच ठरवलं होतं. कागदावर ती आता आपल्या आईची मुलगीही नव्हती, आणि त्यातच आईची सुटका होती.

तेवढ्यात गर्दीतून रेटारेटी करत तो पुढे आला. अंगात तोच शर्ट, पार चुरगळलेला. "माझं नाव लिहा. मी येणार भेटायला. मी यांचा... आमचं ठरलंय."

पोलीसबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ती काही वाईट बाई नव्हती. तिने हळूच विचारलं, "हे तुमचे कोण लागतात? हो म्हणालात तर लिहिते."

एक शब्द. तो म्हटला असता तर महिन्यातून एकदा तरी जाळीपलीकडे तो चेहरा दिसला असता. आणि त्याच शब्दाने त्याचं दुकान, त्याचा शिक्का, वस्तीचे सगळे फोटो पुन्हा टेबलावर आले असते. तिने मान सरळ केली, त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"कोणी नाहीत. फोटो काढतात."

"मग बाजूला व्हा, भाऊ."

तो बाजूला झाला. वाद घातला नाही, चिडला नाही. तिने तसं का सांगितलं हे त्याला कळलं होतं. खिडकीशी बसताना तिला वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं. निदान रागावून घरी तरी गेला असता. पण बस पूल ओलांडून वळेपर्यंत तो तिथेच उभा दिसत होता.