चतुर्थीची सुकती

"तिथीची पाऊणपट कर, सानवी, तितक्या वाजता भरती. आणि मगच खाडीत पाय टाक!"

काशीराम आजोबांचा आवाज सानवीच्या कानात अजून घुमायचा. जन्मभर पूर्णगडच्या खाडीत होडी चालवलेला माणूस! आता ते नव्हते, पण पाणी दिसलं की तिची बोटं आपोआप मोजू लागायची. आज मात्र मोजायला उसंतच नव्हती. किनाऱ्यावरून तिचा मित्र यासीन ओरडत होता, "सानवे, गेली! सगळी गेली!"

मुंबईहून मे महिन्याच्या सुट्टीला आलेला तिचा मामेभाऊ शुभंकर धापा टाकत मागोमाग पोहोचला. "काय गेलं?"

कांदळाची, म्हणजे खारफुटीची रोपं! गेल्या श्रावणात गावातल्या बायकांनी आणि शाळेतल्या मुलांनी गुडघाभर चिखलात उतरून पाचशे रोपं लावली होती. आज तिथे नुसता बोडका चिखल!

"एवढ्याशा झाडांसाठी केवढा आरडाओरडा!" शुभंकर म्हणाला.

"एवढीशी?" सानवी कडाडली. "ही झाडं हवेतला कार्बन चिखलात गाडून ठेवतात. वादळाचं पाणी अडवतात. आधी घराघरांत गोबरगॅस आला, मग देवळावर नि मशिदीवर सोलर बसलं, आता कांदळवन! धूर नि कार्बन कमी करायचा, असं गावानं ठरवलंय. कळलं का रे, मुंबईकर?"

"कळलं, बाई! पण उपटली कोणी?"

"काल सकाळी नऊला गुरुप्रसादशेठची जीप इथे उभी होती," यासीन हळूच म्हणाला. "पाव आणायला जाताना बघितली मी."

गुरुप्रसादशेठना याच जागेवर कोळंबीची तळी खणायची होती. संध्याकाळी शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली, तेव्हा ते अर्ज घेऊन तयारच होते.

"झाडं इथे टिकत नाहीत! भरतीनं धुऊन नेली," ते म्हणाले. "बायकांची हौस झाली, आता जागा कामाला लावू."

आणि मोठी माणसं चक्क माना डोलावू लागली! सानवीची आई नम्रता बोलायला उठली, तर दोघातिघांनी "बस गो, बस" म्हणून तिलाच खाली बसवलं. सानवीच्या अंगाचा तिळपापड झाला. पाठी मोडेस्तोवर वाकून लावलेली झाडं, आणि त्यांना म्हणे हौस!

तिनं यासीनला कोपरानं ढोसलं. तो साळसूदपणे उठला. "शेठ, काल नऊला तुमची जीप तिथेच होती ना?"

शेठ लगेच सावरले. "होती तर! म्हणून तर सांगतोय. नऊ वाजता माझ्या डोळ्यांदेखत रोपं वाहून गेली. छातीएवढी भरती होती!"

"काका, हे लिहून घेऊ?" शुभंकरनं वही पुढे केली. "म्हणजे पक्कं होईल."

"लिही की! हुशार आहेस," म्हणत शेठनी खाली झोकात सही ठोकली.

मग सानवी उभी राहिली. "आई, काल तुला उपास कसला होता?"

"संकष्टीचा. हे काय गो मध्येच?"

"म्हणजे चतुर्थी! चाराची पाऊणपट किती?"

"तीन!" मागच्या रांगेतले मच्छीमार एका सुरात म्हणाले.

"पहाटे तीनला भरती. मग सहा तासांनी, नऊला?"

"सुकती!" अख्खी पडवी ओरडली. "खडखडीत ओहोटी!"

"मग छातीएवढं पाणी कुठून आणलंत, शेठ? बादलीतून?"

हशा पिकला. पण सानवी हसली नाही. "पाणी नव्हतं, तर रोपं वाहिली कशी? चिखलात माणूस उतरतो तो सुकतीलाच!"

शेठचा गडी सदू एकदम रडकुंडीला आला. "मी नको म्हणत होतो! संकष्टीच्या दिवशी मुळं उपटू नका, बाप्पा कोपेल म्हटलं होतं! यांनी ऐकलं नाही!"

सरपंच आनंदीबाईंनी अर्ज टराटरा फाडला. "उद्याच वनखात्याकडे तक्रार जाईल, तुमच्याच सहीसकट! आणि पोरांनो, आम्ही मोठ्यांनी बसल्या जागी माना डोलावल्या, तुम्ही डोकं चालवलंत. नम्रता, तुझीही माफी मागते गो. पोरांनो, शाबास!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त यासीनची नानी, झुबेदाखाला, टाळ्या न वाजवता भिंतीला टेकून उभी होती. सगळी रोपं तिनं अंगणात शेंगांपासून वाढवली होती.

"टाळ्या ठीक आहेत गो," ती सानवीला म्हणाली. "साठ रोपं अजून पिशव्यांत आहेत. पण आता सगळे म्हणतील, पावसाळ्यात बघू. मग राहतंच ते."

"खाला, उद्याच्या सुकतीला लावते. शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला पाणी उतरलं. नाक्यावर शुभंकर आपल्या पराक्रमाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता आणि लोक चहा पीत ऐकत होते. सानवीनं खालाच्या अंगणातून पहिली दहा रोपं टोपलीत घेतली, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि कोणाला हाक न मारता ती चिखलात उतरली.