दुसरं पांघरूण

मला सगळं नीट आठवतंय, असं मी ठासून सांगणार नाही. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे आठवण आणि पुरावा यांतला फरक मला कळतो. त्या दिवसांत मी काम करायचो त्या मागच्या खोलीत धुकं असायचं, असं मला आठवतं. आता बंद खोलीत धुकं कुठून येणार? तेव्हा माझ्या बोलण्यातलं थोडं वजा करूनच ऐका. आणि तो दिवा जरा अलीकडे घ्या.

माझा थोरला भाऊ रणगाड्यावर होता. डोंगरातल्या लढाईनंतर त्याचा रणगाडा बर्फात जळून गेलेला सापडला. आत तिघे होते. चौथा, म्हणजे आमचा दादा, नव्हता. कागदोपत्री तो बेपत्ता ठरला. वहिनीने त्या एका शब्दाबरोबर किती वर्षं काढली! मी सांगतोय त्या हिवाळ्यात शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी तिला लग्नाचं विचारलं. मास्तर विधुर, सरळमार्गी. तिच्या मनातही होतं, पण पाय निघत नव्हता.

"ते गेले असं छातीवर हात ठेवून कुणी सांगत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "आणि नसतील गेले, तर मग मी कोण ठरते?"

एके दिवशी तिने मला दादाच्या गाडीची, म्हणजे रणगाड्याची, छोटी प्रतिकृती करून मागितली. एकदा ती डोळे भरून पाहीन, निरोप घेईन आणि मास्तरांना हो म्हणेन, असं तिचं म्हणणं.

छोटी मॉडेलं करायचा माझा छंद जुना. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा रणगाडा खोक्यात तयार मिळतो, सुटे भाग चिकटवले की झालं. त्यात कसब नाही. कसब आहे त्यावर लादलेल्या सामानात. फावडं, पाण्याचा डबा, चहाचा मग, पांघरुणाची वळकटी हे सगळं मी हाताने करायचो. पत्रा टूथपेस्टच्या जुन्या ट्यूबचा, पट्टे त्याच पत्र्याच्या कातरणाचे, पांघरूण टिश्यूपेपरचं. कागद पातळ गोंदात भिजवायचा, घड्या पाडायच्या आणि वाळू द्यायचा. वाळला की लाकडासारखा कडक होतो. माणसं मात्र मी कधी केली नाहीत. चेहरा मला जमत नाही. शिवाय माणूस नसताना सामान असं दिसायला हवं, की कुणीतरी ते आत्ताच ठेवून बाजूला गेलंय. हा माझा नियम. त्याचा मला अभिमान होता.

वहिनी जवळ बसून सांगायची आणि मधूनमधून टोमणेही मारायची. एवढे शिकलात आणि बसलात डब्यांना रंगाचा गंज लावत, लोक गंज काढायला पैसे मोजतात, म्हणायची. दादाच्या मगाचा कान तुटला होता आणि त्याने तिथे तार गुंडाळली होती, हे तिनेच सांगितलं. पांघरूण मात्र प्रत्येकाला एकच मिळायचं, खाकी.

सगळं चिकटवलं, वरून खडूच्या भुकटीची धूळ बसवली आणि मॉडेल काचेच्या पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळकटीचा पट्टा सुटलेला दिसला. दमट हवा, मी म्हटलं. पुन्हा चिकटवला. त्यानंतरच्या सकाळी वळकटीच नव्हती. पांघरूण इंजिनाच्या झाकणावर पसरलेलं होतं. वाळलेला कागद असा उलगडत नाही, मोडतो. तो मोडला नव्हता. मी पेटी उघडली तेव्हा जळक्या तेलाचा वास आला. तो बाहेरून, रस्त्यावरून आला असेल. माझं नाक पहिल्यापासून बेभरवशाचं.

पांघरूण मी चिमट्याने उचललं. खाली धुळीत एक जागा स्वच्छ पुसलेली होती. वहिनी माझ्या खांद्यामागे येऊन उभी होती, ते मला कळलंच नाही.

"मोजा ना, भाऊजी…"

मी पट्टी लावली. माझ्या मापात उभा माणूस पाच सेंटिमीटरचा होतो. ही जागा त्याहून बरीच आखूड होती आणि एका बाजूला फुगलेली. पाय पोटाशी घेतलेल्या माणसाएवढी.

"थंडी वाजली की ते असंच मुटकुळं करून झोपतात," वहिनी म्हणाली.

झोपायचे, असं ती म्हणाली नाही. मी दमटपणा, कागदाचे तंतू, गोंदाचं आकसणं, असं बरंच काही बोलत राहिलो. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणखी एक पांघरूण करा. माझ्या शालीच्या रंगाचं."

तिची शाल जांभळी होती. मी रंग जुळवला, कागद भिजवला. घडी घालताना ओल्या कोपऱ्यावर अंगठा टेकला आणि ठसा उमटला. आमच्या कामात याहून वाईट चूक नाही, कारण एवढ्याशा कापडावर बोटाच्या रेषा नांगरलेल्या शेतासारख्या दिसतात. त्यातून माझ्या उजव्या अंगठ्यावर कटरने कापल्याची तिरकी खूण आहे, तीही उमटली. मी ते फाडून दुसरं करायला निघालो.

"राहू द्या," वहिनीने माझा हात धरला. "किती वेळ लावाल? तिकडे बर्फ आहे."

तिने स्वतःच्या हाताने ते पहिल्या पांघरुणावर ठेवलं. सकाळी दोन्ही पांघरुणं नव्हती. मगही नव्हता. पेटी बंद होती आणि इंजिनाच्या झाकणावरची धूळ आता सगळीकडे सारखी होती. वहिनी बराच वेळ काचेला कपाळ टेकून उभी राहिली.

"निजले," ती म्हणाली. आणि त्याच संध्याकाळी तिने मास्तरांना होकार दिला.

पुढे कितीतरी वर्षांनी बर्फ मागे हटला आणि एका कपारीत दादा सापडला. वहिनी तिच्या संसारात होती, तिला त्यातून उठवायला नको म्हणून ओळख पटवायला मीच गेलो. फिनेलचा वास असलेली लांबट खोली, मधे टेबल. अधिकारी तरुण होता, हळू बोलत होता. तार गुंडाळलेला मग मी ओळखला. खाकी पांघरुणाच्या चिंध्या झाल्या होत्या.

"हे दुसरं मात्र आम्हाला समजत नाही," तो म्हणाला. "यांच्या अंगावर होतं. पण याला वीणच नाही, काका. लाकडासारखं कडक आहे. आणि हे बघा…"

जांभळं होतं ते. कोपऱ्यात वळणावळणाच्या रेघा होत्या, एकेक बोटाएवढी रुंद, आणि त्यांना छेदत गेलेली एक तिरकी सपाट पट्टी.

ओळखता का, असं त्याने विचारलं. तो मग आमच्या दादाचा आहे, एवढंच मी म्हणालो. उजवा हात मी खिशातून काढला नाही. त्या रेघांमधलं अंतर मात्र नजर चुकवून डाव्या हाताच्या बोटांनी मोजून घेतलं. घरी आल्यावर अंगठ्यावर भिंग धरलं, रेषांमधलं अंतर मोजलं आणि पस्तिसाने गुणलं. तीनदा गुणलं, कारण माझा माझ्यावर विश्वास नाही.

तिन्ही वेळा जुळलं.