चपड्याचा हात

"मेलामाइन पॉलिशच लावजो ताई! गरम गंज टेकला तरी पाहुण्यांसमोर डाग पडला नाही पाहिजे," असं मार्तंडानं बजावलं होतं, आणि प्रेमलतानं त्याच्या जेवणाच्या सागवानी टेबलाला जाणूनबुजून चपडा लावला... गरम भांडं टेकताच पांढराफटक पडणारा लाखेचा चपडा!

वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ठरलेलं लग्न मोडून तिनं लकडगंजातलं त्यांचं पॉलिशचं दुकान चालवलं, स्पिरिटनं बोटं जाळून घेतली, धाकट्या भावाला, मार्तंडाला, इंजिनियर केलं. आणि गेल्या महिन्यात मार्तंडाच्या लेकीच्या, नूपुरच्या, होणाऱ्या सासऱ्यांनी "ह्या कोण?" विचारलं, तेव्हा तिच्या तपकिरी बोटांकडे पाहून तोच भाऊ म्हणाला, "पॉलिशवाली आहे."

पॉलिशवाली! तिच्या अंतःकरणाची राखरांगोळी झाली. 'भर साक्षगंधात याचं नाक कापलं जाईल, तेव्हाच हा जीव थंड होईल!' असं म्हणत तिनं चपड्याचे एकावर एक सात हात मारले होते.

आज नूपुरचं साक्षगंध होतं; साखरपुड्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. पाटोडी रश्श्याचा वाफाळता गंज मार्तंडानं स्वतः आणला, सरळ टेबलावर ठेवला आणि थोड्या वेळानं उचलला... खाली पांढरं वर्तुळ!

"पॉलिशवालीनं फसवलं वाटते तुम्हाले!" व्याही हसले. दाराआडून प्रेमलता पाहत होती.

"पॉलिशवाली नाही जी... सख्खी मोठी बहीण आहे माझी!" मार्तंड पुढे झाला. "तिच्या कष्टावर शिकलो अन् तुमच्यासमोर मले तिचीच लाज वाटली. हा चपडा आहे. त्याच्या वासात लहानाचा मोठा झालो मी, सकाळीच ओळखला. म्हणून गंज मीच ठेवला..." तो दाराकडे वळला. "ताई, माझं नाक कापाचं होतं ना तुले? घे, कापलं!"

सूड पुरा झाला होता, आणि तिचे डोळे मात्र भरभरून वाहत होते. भावानं तिला हात धरून बाहेर आणलं, टेबलाच्या मुख्य खुर्चीवर बसवलं. नूपुर स्पिरिटची बाटली घेऊन धावली.

"निघते का वं हा डाग, आत्या?"

"एका हातात निघते," प्रेमलतानं पदरानं डोळे पुसले. "पण जेवणं होऊ दे बाई. तोवर दिसू दे सगळ्यांले."