बाविसावी जागा

"सगळ्यांचं ऐकायला जाऊ नकोस, बिंदणी. आधी ज्याला त्याला जागा दे. मग ऐक."

गुलाबबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी सासूचं हे सांगणं प्रेमकुंवरच्या कानात जसंच्या तसं होतं. गुलाबबाईंना दिसत नव्हतं. जळगावच्या दाणाबाजारातल्या त्या घरात पाच जावा-नणंदा एकदम बोलायच्या. खाली दुकानात हमालांची हाकाटी, मागे डाळ-गिरणीची घरघर. या सगळ्याच्या मधोमध बसून ही आंधळी बाई, कोण काय म्हणालं ते संध्याकाळी जिचं तिला बिनचूक सांगायची. एकेक आवाज ती डोक्यात एकेका कोपऱ्यात बसवून ठेवायची. प्रेमकुंवर ते सासूकडून शिकली आणि गौतम तिच्याकडून.

गौतमचंद तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. चौथ्या वर्षी आईबापांवेगळा झाला, तेव्हापासून तिच्याच ताटात जेवला. मारवाड्याचं पोर तागडी सोडून लढाऊ विमानात बसलं, याचं बाजारात नवल होतं. प्रेमकुंवर पाणी गाळून प्यायची, सूर्य मावळल्यावर थेंब घ्यायची नाही. त्या विमानाच्या पोटाखाली काय बांधलेलं असतं, हे तिने गौतमला कधी विचारलं नव्हतं. कानांत काय असतं तेवढं मात्र पुन्हा पुन्हा विचारलं होतं.

"पाच जण असतात, काकीसा," तो सांगायचा. "पुढच्या विमानातला लीडर, बाजूचा जोडीदार, खालून रडारवाला. धावपट्टीच्या खुणेचा सूर सारखा वाजत असतो. आणि पाचवी संकटाची वाहिनी. कुणी कुणासाठी थांबत नाही."

"मग तू काय करतोस?"

"दादीसांचंच. लीडर डाव्या भुवईपाशी. जोडीदार उजव्या खांद्यावर. रडारवाला मानेमागे. सूर उजव्या कानाच्या पाळीखाली. संकटाची वाहिनी कपाळाच्या वर, तिथे सहसा शांत असतं. हात विमान चालवत असतात, डोळे घड्याळांवर, आणि हे पाच जण आपापल्या जागी बसून बोलतात. ज्याला उत्तर द्यायचं, त्याच्याकडे मनातल्या मनात तोंड वळवायचं."

त्याचे सोबती पैजा लावून पाच जण एकदम बोलायचे, आणि गौतम पाचही वाक्यं परत म्हणून दाखवायचा. हे ऐकताना प्रेमकुंवरच्या अंगावर काटा यायचा. एवढ्या वेगात आणि एवढ्या आगीवर बसून आपल्या सासूची शिस्त कुणी पाळतंय, हे तिला एखाद्या तपासारखं वाटायचं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाईत, त्याचं विमान पडलं. तो छत्रीने उतरला. हाडं सांधली, पण कान बिघडले.

"ऐकू सगळं येतं," फेब्रुवारीच्या शेवटी रजेवर आल्यावर तो म्हणाला. "पण सगळे एकाच जागी बसतात, काकीसा. नुसती खिचडी." वीस मार्चला पुण्याला डॉक्टरांपुढे तपासणी होती. आवाज वेगळे करता आले नाहीत, तर विमान कायमचं सुटणार होतं. मग टेबलाशी बसून कागद हलवायचे.

"बरं होईल," प्रेमकुंवरचे यजमान हस्तीमल म्हणाले. "गिरणीत बस. तिथे एकच आवाज आहे."

गौतम हसला, पण त्याचा घास हातातच राहिला. प्रेमकुंवरने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला जैन स्थानकात घेऊन गेली. तिथे रोज सात वाजता एकवीस बायका सामायिकाला, म्हणजे ध्यान-पाठाला, बसत. अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी, समोर वेळ मोजणारी वाळूची घडी. त्या वेळात संसाराचा एक शब्द जरी तोंडून गेला, तरी तो दोष. पाठ मात्र जिचा तिचा, पुटपुटत. पलीकडचं पुरुषांचं दालन त्या वेळी रिकामं असे, आणि मधल्या भिंतीला वर जाळी होती. बायकांचं दालन गौतमने कधी आतून पाहिलं नव्हतं.

"इथे बस," तिने त्याच्या हातात कागद-पेन्सिल दिली. "कोण कुठे बसलंय ते मांड."

पहिल्या दिवशी कागदावर चार खुणा होत्या, त्यातल्या दोन चुकीच्या. पाचव्या दिवशी अकरा. सातव्या दिवशी त्याने डावीकडच्या खिडकीपाशी गोल काढून लिहिलं, 'हिला सर्दी आहे.' ती हीराबाई होती, आणि तिला सर्दी होती.

"तुझा विमानवाला आमच्यावर पाळत ठेवतो म्हणे," हीराबाई नाक पुसत म्हणाली. "माझ्या पाठात चुका किती होतात तेही सांगतो का?"

"तीन," प्रेमकुंवर हळूच म्हणाली. "पण तो सांगत नाही."

नवव्या दिवशी कागदावर बावीस खुणा होत्या.

प्रेमकुंवरने पेन्सिलीचं टोक लावून मोजल्या. एकवीस अगदी बरोबर होत्या, तिची स्वतःची दाराजवळची सुद्धा. बाविसावी मधल्या खांबापाशी होती.

"भिंतीवरून आवाज परत येत असेल."

"परत आलेला आवाज मागून येतो," गौतम म्हणाला. "ही कुणाच्याच मागे नाही. आणि ती पाठ म्हणत नाही. एकच काहीतरी परत परत म्हणते. शब्द लागत नाहीत."

खांबापाशी कुणी बसत नसे. तसं ठरलेलं काही नव्हतं, पण दाटी झाली तरी बायका तेवढी जागा सोडून आसनं टाकत. दालन झाडणाऱ्या तानुबाईला तिने विचारलं.

"नही बाई, तठे कोनी बसस नही. बठ्ठ्या बाया दूरच बसतस."

"का गं?"

"का शे, देव जाने."

त्या दिवशी गौतम जेवला नाही. "कान परत आलेत, काकीसा," तो म्हणाला. "आता भीती वेगळीच आहे. पुण्याला ते पाच आवाज लावतील आणि मला सहा ऐकू येतील. नसलेला आवाज ऐकणाऱ्या माणसाच्या हातात कोण विमान देईल? ही बाई माझ्या कानात आहे की दालनात, एवढं मला कळलं पाहिजे."

प्रेमकुंवरने मग रीतसर पारख केली. आधी बायकांना जागा बदलायला लावल्या. गौतमने एकवीस जणी नव्या जागी बरोबर मांडल्या, बाविसावी खांबापाशीच राहिली. मग त्याच्या उजव्या कानात कापूस घालून बसवलं, मग डाव्या कानात. खूण हलली नाही.

एकच उपाय उरला होता.

"उद्या मौन सामायिक करू या का?" तिने बायकांना विचारलं.

"तुझं तर बारा महिने मौनच असतं," हीराबाई म्हणाली. "त्याची शिक्षा आम्हाला कशाला?" पण सगळ्या कबूल झाल्या.

सकाळी घडी उलटी झाली. एकवीस जणींनी ओठ मिटले. बाहेर टांग्याची घंटी वाजली आणि लांब गेली. गिरणी अजून सुरू व्हायची होती. प्रेमकुंवरने जपात मन घातलं आणि खांबाकडे पाहिलं नाही. तिला काहीही ऐकू आलं नाही.

वाळू संपल्यावर ती पलीकडे गेली.

कागदावर एकच खूण होती.

"आज शब्द लागले," गौतम म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "'गौतम, नीघ आता.' एवढंच. परत परत."

ती त्याच्याजवळ खाली बसली.

"डिसेंबरातही हेच होतं," तो म्हणाला. "पाचही जण शांतपणे बोलत होते. समोर एकही लाल दिवा नव्हता. आणि सहावा आवाज आला, मी कुणालाच दिली नव्हती अशा जागेवरून. इथून." त्याने छातीवर हात ठेवला. "मी विचार केला नाही. सीट बाहेर फेकणारं हँडल ओढलं. छत्री उघडायच्या आत विमानाचे दोन तुकडे झाले. चौकशीत मी सांगितलं, हादरा जाणवला. हादरा नव्हता, काकीसा."

"आवाज कुणाचा?" तिने विचारलं. "दादीसांचा?"

"त्यांचा मी ओळखला असता."

"मग?"

"तुमचा आहे. पण पुढचे दात पडल्यासारखा. फार म्हातारा."

प्रेमकुंवर त्रेचाळीस वर्षांची होती. तिचे सगळे दात जागेवर होते.

मागे गिरणी सुरू झाली.

पुण्याच्या गाडीला निघताना गौतमच्या चेहऱ्यावर ताण नव्हता. कान बिघडायच्या आधीही हाच आवाज आला होता, म्हणजे तो कानातला नाही, हे त्याला पुरेसं होतं. पाया पडून उठताना तो थांबला.

"मी ऐकलं, म्हणजे तुम्ही ते म्हणणार आहात. कधीतरी, त्या खांबापाशी बसून. वचन द्या."

"सामायिकात? संसाराचा शब्द?"

"आवाज तिथूनच येतो."

तीस वर्षांत तिने त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत एक शब्द सांडू दिला नव्हता. "कोणत्या दिवशीचं म्हणणं तुला पोचलं, ते कसं कळणार?"

"नाही कळणार."

"म्हणजे रोज म्हणावं लागेल."

"अजून घाई नाही," तो जरा हसून म्हणाला. "आवाज म्हातारीचा आहे."

"मी कधी मरणार ते तुला काय ठाऊक?" ती म्हणाली. "दिलं वचन. जा, गाडी चुकेल."

बाविसाव्या तारखेला तार आली. हस्तीमलनी ती पेढीवर उभ्यानेच वाचून दाखवली: पाच आवाज लावले होते, पाचच ऐकू आले, पाचही सांगितले. पुन्हा विमानावर रुजू. त्यांनी ती परत एकदा मनात वाचली, घडी केली, आणि इतर कागदांत न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात घातली. "माझ्या आईचे कान आहेत त्याला," ते म्हणाले. गिरणीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रेमकुंवरने ईशान्येला तोंड करून, हात जोडून दुधाचा त्याग केला. रोजच्या दोषाला रोजचं प्रायश्चित्त हवं. मग आसन काखेत घेऊन ती स्थानकात गेली. दाराजवळची आपली जागा ओलांडली. हीराबाईने मान वर करून पाहिलं.

खांबापाशी वाकून तिने आसन अंथरण्यासाठी हात फिरवला. दालन बांधून आठच वर्षं झाली होती, सगळीकडची फरशी सपाट होती. इथे मात्र ती झिजून खोलगट झाली होती, एकाच जागी कुणी चाळीस वर्षं बसल्यासारखी. आसन त्या खळग्यात आपोआप बसलं.

प्रेमकुंवर बसली. दोन्ही गुडघ्यांना जिथे जागा हवी, तिथेच जागा होती.

तिने मुहपत्ती बांधली आणि घडी उलटी केली.