बिघाड नसतानाचा फोन

मे महिन्यातली जळगावची दुपार. नव्या कॉम्प्युटरचं खोकं छातीशी धरून विधी दुकानाचा जिना उतरत होती. मार्केटची लिफ्ट बंद होती, दुकानातला माणूस जेवायला गेला होता, आणि घरी आईपाशी शेजारच्या भागाबाई थोडा वेळ म्हणून बसल्या होत्या. तो थोडा वेळ केव्हाच संपला होता.

वळणावर खालून येणारा कुणीतरी थांबला.

"द्या इकडे."

पाठीला बॅग, घामानं अंगाला चिकटलेला शर्ट. विधीनं खोकं सोडलं नाही. "तुम्ही दुकानातले?"

"सर्व्हिसला असतो. सकाळी भुसावळला गेलो होतो, आत्ता येतोय... म्हणजे अजून पोचायचंय."

त्यानं खोकं उचलून घेतलं आणि दोन पायऱ्या उतरला.

"बाण खाली आलाय," विधी म्हणाली.

त्यानं खोक्यावरच्या बाणाकडे पाहिलं. "सकाळपासून सगळं असंच चाललंय," असं म्हणून त्यानं ते कठड्यावर टेकवलं आणि सुलट करून घेतलं. हसावं की नाही, हे विधीला ठरवता येईना. हसायलाही थोडी ताकद लागते.

खोकं रिक्षात ठेवून तो बाजूला झाला. रिक्षा सुरू होता होता हळूच म्हणाला, "ओढणी..."

टोक चाकाजवळ लोंबत होतं. विधीनं ते आत ओढलं आणि वर पाहिलं, तर तो जिन्याकडे वळलाही होता.

विधी घरांचे नकाशे काढायची. आधी एका इंजिनिअरच्या ऑफिसात जायची. आईला अर्धांगवायू झाला, तेव्हा ऑफिस सुटलं. इंजिनिअरनं घरी काम द्यायचं कबूल केलं, एवढंच नशीब. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईला उठवणं, भरवणं, कूस बदलून देणं, आणि त्यातून उरेल त्या वेळात इतरांच्या घरांच्या खोल्या आखणं, असे तिचे दिवस जात. जुना लॅपटॉप दमला म्हणून हा कॉम्प्युटर घेतला. तो तरी दमणार नाही, असं तिला वाटलं होतं.

आठवडाही झाला नाही, तोच एका बंगल्याचा जिना काढत असताना स्क्रीन काळी झाली. परत चालू केला, परत बंद. तिनं दुकानात फोन लावला. मालक लखीचंदशेठ गोड बोलले.

"ताई, आपल्या जळगावचं ऊन आहे. इथं माणूस बंद पडतो, तिथं मशीनचं काय घेऊन बसलात? पाठवतो कुणाला तरी."

दारात उभा होता तो जिन्यावरचाच.

"बाण वरच ठेवला होता," विधी म्हणाली.

"मग चूक तुमची नाही," तो म्हणाला, आणि दोघांनाही जरासं हसू आलं. त्याचं नाव तेजस.

त्यानं सीपीयू उघडला, रॅम बदलली, पंख्यावरून उगाच बोट फिरवलं. कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालू राहिला. तो गेला आणि तासाभरात स्क्रीन पुन्हा काळी. दुसऱ्या वेळी पॉवर सप्लाय बदलला. तीच गत.

"तुम्ही असलात की चालतो," विधी वैतागून म्हणाली.

"मग इथंच बसू का?"

"काम म्हणून हेच कराल?"

"नाही... चहाही घेईन."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो पेचकस बॅगेत ठेवायला लागला, मग ज्या कप्प्यातून काढला होता तो कप्पाच त्याला सापडेना. विधी चहा ठेवायला आत गेली. साखर घालताना तिच्या लक्षात आलं, की आज तिनं केस विंचरलेले नाहीत.

तेवढ्यात बाहेर त्याचा फोन वाजला. "हां माय... जेवनू ना... सांजले फोन करसू," तो खालच्या आवाजात म्हणाला.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

"कोना... कोना पोर्‍या शे?"

विधीच्या हातातला चमचा तसाच राहिला. कुणाचा पोरगा, असं आई विचारत होती. आजारपणानंतर आई 'हो', 'नको' आणि 'पाणी' एवढंच म्हणायची. तिचं माहेर शिंदखेड्याकडचं. बाबांच्या घरात तिकडची बोली कुणी बोलत नसे, म्हणून आईनंही लग्नानंतर सोडून दिलेली. विधीला ती धड समजतही नव्हती.

तेजस दारापर्यंत गेला. विधीकडे पाहून त्यानं नजरेनंच विचारलं, आत जाऊ? मग पलंगाशेजारी खाली बसला.

"शिंदखेडाना शे मी, अक्का."

आईचं तोंड हललं. बराच वेळ गेला. "ऊन... भलतं शे," ती म्हणाली.

"भलतंच शे."

एवढंच. पण आईच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं होतं. विधी चहाचे कप घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. डॉक्टरांनी आईशी बोलत राहा म्हणून सांगितलं होतं. ती बोलत होती, रोज बोलत होती... आईची वाट मात्र तिला ठाऊकच नव्हती.

पुढच्या फेरीत तेजस सीपीयू दुकानात घेऊन गेला. इंजिनिअरचे फोन सुरू झाले. आधी सबुरीचे, मग तुटक. "रविवारपर्यंत बंगला नाही मिळाला तर मला दुसरीकडे द्यावं लागेल, विधी. माझाही इलाज नाही." विधीनं फोन ठेवला. तिनं आईची चादर बदलली आणि भिंतीला टेकून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस आला. हातात सीपीयू नव्हता. तो दारातच उभा राहिला.

"आत या ना."

"आधी ऐकून घ्या." त्यानं चपला काढल्या नाहीत. "तुमच्या मशीनमधला मदरबोर्ड नवा नाही. आधी कुणाला तरी विकलेला, बिघडून परत आलेला. दुरुस्त करून, डाग देऊन तुमच्यात बसवलाय. वरचं लेबल निघालं, खाली जुनं होतं."

"तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"काल संध्याकाळपासून. शेठना विचारलं. म्हणाले, गॅरंटी संपेपर्यंत फेऱ्या मारत राहा."

विधी त्याच्याकडे पाहत राहिली. राग यायला हवा होता, आणि आलाही. पण या माणसावर तो कसा काढायचा, हे तिला समजेना.

"शेठनी मला गावाहून आणून कामाला लावलं," तो म्हणाला. "त्यांचं मीठ खाल्लंय. रात्रभर तेच डोक्यात होतं... पण तुम्ही उद्या पुन्हा फोन केला असता, आणि मी पुन्हा पेचकस घेऊन आलो असतो. अक्कांपाशी बसून चहा प्यालो असतो. ते मला जमलं नसतं."

भागाबाईंना आईपाशी बसवून विधी बिल घेऊन दुकानात गेली. तेजसही सोबत होता. लखीचंदशेठ पुन्हा उन्हावर आले.

"शेठ," तेजस म्हणाला, "बोर्ड जुना आहे. मी स्वतः पाहिलाय." त्यानं आवाज चढवला नाही. काउंटरवरची गिऱ्हाइकं मात्र वळून बघायला लागली.

शेठनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं. मग त्यांनी मागच्या माणसाला हाक मारून सीलबंद कॉम्प्युटर आणायला सांगितलं. तो विधीपुढे सरकवला आणि तेजसकडे न बघता म्हणाले, "तू उद्यापासून येऊ नको."

जिना उतरताना खोकं तेजसनंच घेतलं. रिक्षापाशी आल्यावर विधी म्हणाली, "माझ्यामुळे तुमची नोकरी..."

"तुमच्यामुळे नाही." त्यानं खोकं नीट सरकवलं. "धुळ्याला एक ओळखीचे आहेत, त्यांना माणूस हवाय. बघतो." थोडं थांबून म्हणाला, "आता बिघडणार नाही हा."

रविवारी बंगला पूर्ण झाला. त्यानंतर एक दवाखाना, मग चोपड्याच्या कुणाचं तरी दुमजली घर. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. उन्हाळा सरला, पाऊस येऊन रुळला, दारातली चिंच पोपटी झाली. काम होतं, आई होती, दिवसाच्या शेवटी पाठीला तीच कळ होती. आणि तेजसला फोन करायला काहीच कारण उरलं नव्हतं.

एका दुपारी आईनं विचारलं, "तो पोर्‍या... कथा गया?"

कुठं गेला, एवढं विधीला समजलं. खिडकीबाहेर रिमझिम चालली होती. तिनं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

"काय बिघडलं?" पलीकडून लगेच आवाज आला. मागे वाहनांचे हॉर्न होते.

"काही नाही. व्यवस्थित चालतोय."

"मग?"

"...तेच सांगायला केला."

हॉर्नचे आवाज लांब गेले; तो कुठंतरी आडोशाला गेला असावा. मग तो म्हणाला, "रविवारी सुट्टी असते मला."

रविवारी धुळ्याहून तो एसटीनं आला. पाठीवर बॅग नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. आईपाशी बसला, तिच्या माहेरच्या गोष्टी काढल्या. मग बाहेर येऊन विधीसमोरच्या खुर्चीत बसला.

"एक बोलू का?"

"आधी माझं ऐका," विधी म्हणाली. "मला आईला सोडून कुठं जाता येणार नाही. आज नाही, दोन वर्षांनीही नाही. स्थळं आली, हे ऐकून गेली. आणि मी... मी फार दमलेली असते. गोड बोलता येत नाही मला. तुम्हाला काही बोलायचं असेल, तर हे धरून बोला."

तेजस खाली बघत राहिला. "मी जळगावात काम बघतोय," तो म्हणाला. "मिळेपर्यंत जाऊन-येऊन करीन."

"दमाल."

"दमतोच की. तिथं खोलीवर जाऊन एकटा दमतो." त्यानं मान वर केली. "दमून यायला हे घर असलं तर... मला आवडेल. तुम्ही असलात तर."

आत आई खोकली. विधी उठायला गेली.

"मी बघतो," तो म्हणाला. "तुम्ही बसा."

ती बसली. आत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग त्याचं हळू बोलणं, मग आईचं तुटक उत्तर. विधीनं डोळे क्षणभर मिटले.

जाग आली तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती. कुणीतरी तिच्या अंगावर चादर टाकली होती. भरदुपारी ती अशी झोपल्याला किती काळ लोटला होता, तिला आठवेना. आतल्या खोलीत दिवा लागलेला. आई उशीला टेकून बसली होती, आणि तेजस बशीत फुंकर घालून तिला चहा पाजत होता.

"उठवलं का नाही? तुमची बस गेली असेल."

"गेली," तो म्हणाला. "पुढची आहे."

विधीनं तोंडावर पाणी मारलं. टॉवेलऐवजी ओढणीलाच तोंड पुसत ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली. वळून न बघताच म्हणाली,

"तेजस... भाकरी टाकते. तू जेवूनच जा."