शिंपीणबाईंची शिकवणी

कोटाचं अस्तर काखेत उसवलं होतं, एवढंच काय ते निमित्त. नाहीतर मास्तरीण त्या इमारतीची पायरी कशाला चढते!

मास्तरीण हे तिचं घरातलं नाव. भावाने लहानपणी चिडवायला ठेवलेलं, आणि पुढे खरंच ठरलेलं. परक्या देशात राहून ती परक्यांना तिसऱ्याच कुणाची भाषा शिकवत होती. भाऊ फोनवर म्हणायचा, "आपण ना घरचे ना घाटचे, आणि शहाणं करणार जगाला!" ती हसायची. दिवसभर वर्गात 'मी जातो, तो जातो, ती जाते' हे इंग्रजीतून घोकून घ्यायचं, संध्याकाळी खोलीवर येऊन कुकर लावायचा आणि आईला फोन करायचा. तेवढा वेळ मात्र ती पोटभर मराठी बोलायची. दिवसभर आवळून बांधलेला अंबाडा सोडल्यावर डोकं कसं हलकं होतं, तसं तिला व्हायचं.

शिंपीणबाई राहायच्या शाळेमागच्या गल्लीत, जिन्याने वर वर गेलं की अगदी टोकाला. दारातून आत शिरलं की एक लांबलचक बोळ, आणि बोळाच्या दोन्ही अंगांना छतापर्यंत कपडेच कपडे. कोट, झगे, ब्लाउज, प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून दांड्यांवर टांगलेले. मधून जाताना दोन्ही खांद्यांना बाह्या घासायच्या. इस्त्रीच्या वाफेचा आणि डांबरगोळ्यांचा वास. बोळ संपला की शिवणयंत्राची खोली.

"एवढे सगळे गिऱ्हाइकांचे?" मास्तरिणीने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"तयार आहेत," शिंपीणबाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "न्यायला कुणी आलं नाही."

बाई पन्नाशीच्या, काटकुळ्या. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं ओठाच्या कोपऱ्यातून यायचं. गिऱ्हाइकं इंग्रजीत बोलतात, मला शिकवाल का, असं त्यांनीच विचारलं. मास्तरिणीला शनिवारची दुपार खायला उठायची. ती हो म्हणाली.

शिंपीणबाई भराभर शिकल्या. इतक्या भराभर की मास्तरिणीला आपल्याच शिकवण्याचं कौतुक वाटलं. शिकवणी संपत आली की बाई सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेली पत्र्याची टोपी एखाद्या वस्तूवर टकटक वाजवायच्या आणि विचारायच्या, "आणि याला तुमच्या घरी काय म्हणतात?"

त्या देशात आल्यापासून कुणी तिच्या भाषेची एवढी चौकशी केली नव्हती. मास्तरीण हरखून सांगायची. कात्री. उशी. हे काज. बाई डोळे मिटून प्रत्येक शब्द हळूच म्हणायच्या, चिंचेचा बुटूक जिभेवर घोळवावा तसा.

त्याच आठवड्यात ब्लाउजला बटण लावताना मास्तरीण आईला फोनवर म्हणाली, "आई, बटण ज्याच्यातून ओवतात ते भोक... त्याला काय गं म्हणतात?"

"अगं, काज!"

"हां, तेच."

"तू तिकडे इंग्रजी शिकवायला गेलीस की मराठी विसरायला?" आई खळखळून हसली.

मास्तरीणही हसली. पण फोन ठेवेपर्यंत तो शब्द पुन्हा गेला होता. जिभेवर आहे आणि ओठावर येत नाही, असं आपल्या सगळ्यांचंच होतं. हे तसं नव्हतं. जिभेवर काहीच नव्हतं. दात पडल्यावर जीभ जशी सारखी त्या खड्ड्यात जाते, तशी ती रात्री अंथरुणात पडून तोंडातल्या तोंडात चाचपडत राहिली. मग डोक्याखालची ती मऊ वस्तू तिने हाताने दाबली आणि तिच्या लक्षात आलं, हिचंही नाव आपल्याला येत नाही.

गेले होते ते नेमके शिंपीणबाईंना दिलेलेच शब्द.

मनात पाल चुकचुकली, पण असलं बोलायचं कुणापाशी? पुढच्या शनिवारी बाईंनी टोपी वाजवली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आज फक्त इंग्रजी."

बाई टाचण्यांमागून हसल्या. "चालेल ना," म्हणाल्या.

बोलणं इंग्रजीच होतं, पण शेवटी ते 'ना' होतं, अगदी आपल्याकडे लावतात तसं. मास्तरिणीने स्वतःच्या इंग्रजीतून ते केव्हाच खरवडून काढलं होतं. तिने ते शिकवलं नव्हतं.

"तुम्हाला आधी कुणी शिकवायचं का?"

"होत्या एक. तुमच्याकडच्याच."

"आता कुठे असतात?"

शिंपीणबाईंनी मान वळवून बोळाकडे पाहिलं. "इथेच असतील ना," त्या म्हणाल्या, आणि पायाने यंत्र सुरू केलं.

त्या दिवसापासून मास्तरीण तिकडे फिरकलीच नाही. पण कोट तिथे राहिला होता. कॉलर उसवली म्हणून बाईंनी तो आदल्याच खेपेला ठेवून घेतला होता. परदेशात आल्यापासून दोन वर्षांनी पहिल्यांदाच सुट्टी मंजूर झालेली, तिकीट हातात, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. कोटाशिवाय विमानतळापर्यंत तरी कशी जाणार? भरदुपारी जाऊ, कोट घेऊ, परत येऊ, असं म्हणून ती निघाली.

हिवाळ्यात तिथे दुपारीच तिन्हीसांजा व्हायच्या. शिंपीणबाईंनी तिला आत घेतलं, तिच्यामागे दार लोटून घेतलं आणि यंत्रावर जाऊन बसल्या. कोट सुईखालीच होता.

"बसा. थोडंच राहिलंय."

मास्तरीण बसली. यंत्र चालत होतं. खिडकीतला उजेड राखाडी झाला, मग नुसता काचेपुरता उरला. यंत्र चालतच होतं. तिने वाकून पाहिलं. बाई कॉलरवर एकाच रेघेत टाके घालत होत्या. पुढे, मग मागे, मग पुन्हा त्याच टाक्यांवर. कापड दोऱ्याने ताठ होऊन पत्र्यासारखं झालं होतं.

"राहू दे," ती उठत म्हणाली. "मी तसाच नेते."

यंत्र थांबलं नाही.

"मला उशीर होतोय."

टक टक टक टक.

आणि मग तिचा तोल गेला. घाबरलेला माणूस आईच्याच भाषेत ओरडतो. "अहो, कोट नको मला! आधी दार उघडा!"

यंत्र थांबलं.

शिंपीणबाईंनी टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या. डोळे मिटले.

"दार," त्या म्हणाल्या, आणि दाताने दोरा तोडला.

मास्तरीण बोळात धावली. बाह्या तोंडावर आपटत होत्या. बोळाच्या टोकाला पोचली आणि तिचे तळहात भिंतीला लागले. फिक्या फुलांचा कागद लावलेली सपाट, थंड भिंत. तिने डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. फट नाही, कडी नाही. आपण काय शोधतोय, तेही तिला नीट धरता येईना. ज्यातून माणूस बाहेर जातं... ते. इंग्रजी शब्द आठवत होता. तो तर तिने शेकडो जणांकडून घोकून घेतला होता. ती तो मोठमोठ्याने म्हणाली. पण तो पुस्तकातल्या चित्रासारखा होता. चित्रातून कोण बाहेर गेलंय?

मागे बाई चालत येत होत्या. घाई नव्हती. प्लास्टिकच्या पिशव्या एकामागून एक सरसरत होत्या.

मास्तरीण कपड्यांत शिरली. एक बाही, दुसरी बाही... आणि एक बाही तिच्या हाताला उबदार लागली. आतून उबदार, कुणी आत्ताच अंगातून काढल्यासारखी. मनगटाजवळ निळ्या शाईचे डाग होते, पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहिणाऱ्याच्या बाहीला पडतात तसे.

"ए..."

कानाशी अगदी.

"ए बाई... कवाड..."

"कोण...?"

"कवाड म्हण... एवढा एकच ठेवलाय गं, लपवून... तू घे."

"आणि तुम्ही? तुम्ही चला ना..."

मग, दमलेल्या माणसाने बोलावं तसं, "मला आता घर आठवत नाही."

मास्तरिणीने तो शब्द दातांत घट्ट धरला. ओठ हलवले नाहीत. मनात म्हणाली, कवाड. आणि फुलाफुलांच्या कागदात एक उभी काळी रेघ उमटली. तिने डोळे मिटून सगळं अंग त्या रेघेवर लोटलं, आणि ती जिन्यात जाऊन पडली. थंडगार, उजेडाच्या, खऱ्याखुऱ्या जिन्यात.

ती उतरत सुटली. वरून कठड्यावर वाकून शिंपीणबाई म्हणाल्या, स्वच्छ मराठीत, "सावकाश जा हं. पोचलीस की कळव."

ही आईची वाक्यं होती. दर निरोपाची. मास्तरिणीने ती कुणालाही दिली नव्हती.

कोटाशिवाय, कुडकुडत, जीव मुठीत धरून ती निघाली आणि सुखरूप घरी पोचली. आईने गळ्यात पडून रडून घेतलं, भावाने सामान उचललं, शेजारणी बघायला येऊन गेल्या. गेलेले शब्द तिने पहिलीतल्या पोरीसारखे नव्याने पाठ केले. चुकून 'कवाड' म्हणाली की भाऊ म्हणायचा, "परदेश मानवला हो मास्तरणीला, पार गावंढळ होऊन आली!" ती हसायची आणि कपड्यांच्या कपाटाकडे पाठ करून झोपायची. दिवस जात होते. अंगावर मूठभर मांस चढलं. परत जायचं नाही, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

एके दिवशी जेवणं उरकली होती, भाऊ कामावर गेला होता. मास्तरीण बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसली होती. फोन वाजला. आईने ओल्या हाताने उचलला आणि तिचा चेहरा उजळला.

"हं, बोल गं बाळा! जेवलीस का?... आवाज किती छान येतोय आज... नाही, मी बरी आहे. गुडघा तेवढा दुखतो."

मास्तरिणीने मान वर केली. आईला दुसरी मुलगी नव्हती.

"आई, कोण आहे?"

आईने हातानेच, जरा थांबा, अशी खूण केली. "अगं, कधी येतेस ते सांग ना. दोन वर्षं झाली तुला बघून... हो, हो. ठेवते. घरी कुणीतरी आलंय."

फोन ठेवून आई थोडा वेळ तशीच हसत उभी राहिली. मग पदराला हात पुसत मास्तरिणीसमोर आली, तिच्या हातातलं शेंगांचं ताट हलकेच काढून घेतलं आणि संकोचून म्हणाली,

"अहो, तुम्ही कशाला करताय हे? बसा ना आरामात. चहा चालतो ना तुम्हाला?"